हॉल दहा बाय बाराचा, साउंड हजार वॅटचा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी तुमच्या अंकाचं मागचं अख्खं पान होम थिएटर आणि साउंडबारच्या जाहिरातीचं होतं, त्यात वॅटचा आकडा किमतीपेक्षाही मोठ्या अक्षरात, १००० वॅट म्हणे, आणि ते पान बघूनच हे पत्र लिहायला बसले. मागच्या वर्षी अशाच एका जाहिरातीला आम्ही भुललो होतो. तक्रार तुमच्याबद्दल नाही हो, जाहिराती सगळेच छापतात, पण त्या पानावर एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे हा डबा किती मोठ्या खोलीत ठेवायचा आणि खोलीत कुठे ठेवायचा. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, पंधरा-सोळा वर्षं झाली, अन् तरी फसले, म्हणून जरा जास्तच लाज वाटली आणि जास्तच लिहितेय. पत्र लांबलं तर कापा, फक्त मधलं ते सबवूफरचं, म्हणजे बास, खर्जातला आवाज काढणाऱ्या त्या मोठ्या डब्याचं, राहू द्या.

आम्ही अमळनेरला राहतो, प्लॉट एरियात रो-हाऊस आहे, हॉल दहा बाय बारा, उंचीपण दहाच. खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच. समोर टीव्हीचं शोकेस, मागच्या भिंतीला टेकलेला सोफा आणि बरोबर मधोमध सासूबाईंचा झोका. तो झोका हलवायचा नाही, हा घरातला पहिला नियम आहे. खिडकीत कूलर, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय माणूस जगेल कसा.

साउंड घ्यायचं कारण खरं तर सासूबाईच. वय पंचाहत्तरच्या पुढे, मालिका बघायची हौस पण शब्द नीट समजत नाहीत, मग आवाज वाढव, अजून वाढव, शेवटी शेजारच्या काकू म्हणायला लागल्या की आम्ही आमचा टीव्ही बंद ठेवला तरी चालेल, तुमच्यावरच मालिका समजते. हे नवीन पातळ टीव्ही दिसायला छान पण त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, आवाज आधी भिंतीवर नाहीतर शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. म्हणजे आम्हाला हवं काय होतं, तर माणूस बोलतो ते स्वच्छ ऐकू यावं, एवढंच. आणि आणलं काय, तर १००० वॅट.

दुकान शहरातलं मोठं होतं, नाव लिहीत नाही. बजेट विचारलं, टीव्ही किती इंची विचारलं, हप्ते पाहिजेत का विचारलं, खोली केवढी ते मात्र एकदाही विचारलं नाही. डेमो दाखवला तो त्यांच्या मोठ्या एसी हॉलमध्ये, गालिचा टाकलेला, आणि सीन कुठला तर गाड्या उडतात तो. आमच्या ह्यांची छाती हादरली आणि हे म्हणाले, बस, हाच घेऊ. आता ह्यांना तरी काय बोलायचं, आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डीजेसमोर छाती हादरली की साउंड भारी, असं लहानपणापासून कानाला शिकवलेलं असतं. पण डीजे रस्त्यावर वाजतो, तिथे आवाजाला आडवायला कोणी नसतं, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तिथलंही तसंच, मोकळ्यावर वॅट लागतातच. बंद खोलीत आवाज जाणार कुठे, तो इथल्या इथे फिरतो.

फिटिंगला पोरगं आलं, अर्ध्या तासात काम संपवून गेलं. पाच छोटे स्पीकर त्यानं शोकेसच्या वरच्या फळीवर एका ओळीत मांडले, दिवाळीत ओट्यावर पणत्या मांडतो तसे, कारण म्हणे मागच्या स्पीकरची वायर पुरत नाही. सबवूफर कोपऱ्यात लोखंडी कपाटाला खेटून, सेटटॉप बॉक्समधून लाल-पांढरी वायर काढून मागे खुपसली, झालं मॅडम. मीही चहा दिला आणि सही केली.

त्या रात्री सासूबाईंची मालिका लागली. पार्श्वसंगीत सुरू झालं तशी कपाटाची दारं खडखडायला लागली, शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या थरथरायला लागल्या आणि सासूबाई झोक्यावरून म्हणाल्या, “काय बोलस तो, माले काहीच समजस नही, नुसतं धडधड करस.” हे मागे सोफ्यावर बसलेले, म्हणे बास फार आहे, डोकं दुखतं. पोरगा दहावीचा, झोक्यापुढे सतरंजीवर लोळतो, तो म्हणे बास आहेच कुठे, वाढव ना. एक खोली, एक मशीन, तीन माणसं आणि तिघांना तीन वेगळे आवाज. मला वाटलं, आमच्या घरात असंच असतं, कुठल्या विषयावर एकमत झालंय.

असेच चार महिने गेले. मग डिसेंबरात लॅबमध्ये बारावीचं रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल चालू होतं, तेच ते, नळीत पाणी खालीवर करायचं आणि ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपनांचा, ट्युनिंग फोर्क तोंडाशी धरायचा, १६ सेंटीमीटरच्या आसपास आलं की आवाज एकदम फुगतो, जरा पुढेमागे केलं की मरतो. मी नेहमीसारखं डिक्टेट करत होते, बंद टोकाशी हवा हलत नाही म्हणून तिथे नोड, पण दाब तिथेच सगळ्यात जास्त, आणि कानाला कळतो तो दाब. आणि बोलता बोलता थांबलेच. आमचा हॉल म्हणजे दुसरं काय, दोन्ही टोकं बंद असलेली नळीच की. बारा फुटांची.

घरी आल्यावर टेप घेऊन बसले. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, अशा खोलीत अर्धी लाट बरोबर बसते तो सूर निघाला ४७ हर्ट्झच्या जवळ. दहा फुटांचा ५६. आणि आमची उंचीपण दहाच असल्यामुळे ५६ ला आडवा आणि उभा असा दुहेरी मार. (मे महिन्यात हवा तापली की आवाजाचा वेग ३४३ वरून ३५५ मीटरच्या घरात जातो, मग हे आकडे एक-दोन हर्ट्झनं वर सरकतात, पण ते सोडा, ही मास्तरकी सवय आहे.) सिनेमातला ढोल, धमाका, गडगडाट सगळं ह्याच पट्ट्यात येतं. म्हणजे हे दोनतीन सूर खोली स्वतःहून फुगवून देते, बाकीचे नाही. भिंतीशी दाब सगळ्यात जास्त, म्हणून सोफ्यावर ह्यांचं डोकं दुखतं. लांबीच्या मधोमध ४७ वाला सूर जवळजवळ शून्य, म्हणून पोराला बास ऐकूच येत नाही. आणि फिटिंगवाल्यानं सबवूफर ठेवला कोपऱ्यात, जिथून खोलीचे सगळेच्या सगळे सूर एकदम पेटतात. तिघंही खरं बोलत होते. मीच त्यांना चार महिने येड्यात काढत होते.

आता सबवूफरची जागा शोधायची कशी. गणितानं निघते पण खोलीत सोफा, कपाट, दारं, सगळं असल्यावर गणित पूर्ण जमत नाही, त्याच्यापेक्षा एक जुनी साधी युक्ती आहे. सबवूफर उचलून आपण जिथे बसतो तिथे, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा, एकसारखा बास असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेनं फिरायचं, कान साधारण सबवूफर जिथे ठेवू त्या उंचीवर. जिथे बास घुमत नाही, सूर सुटे सुटे आणि सारखे ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवायचा, मग सोफ्यावर तसंच ऐकू येतं, कारण ऐकणारा आणि वाजणारा ह्यांनी जागा बदलली तरी खोलीला फरक पडत नाही. तर मी रविवारी दुपारी गाऊनवर हॉलमध्ये रांगतेय, पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढतोय, सासूबाई म्हणतात, “काय धुंडी ऱ्हायनी व?” आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू उडदाच्या पापडांचं पीठ द्यायला दारात. त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही.

जागा सापडली ती खिडकीच्या भिंतीला, साधारण मध्यावर, जिथे आम्ही वर्तमानपत्रांची रद्दी रचून ठेवायचो. तिथे सबवूफर ठेवला की लांबीचा तो ४७ वाला सूर फारसा पेटत नाही, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासूनही लांब. खाली जुन्या गादीचा तुकडा आणि त्यावर फळी. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, ह्यासाठी मात्र आठवडाभर भांडण झालं, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये दीड फूट म्हणजे काय ते छोट्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. शेवटी सोफ्यामागे घडीची खाट आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्या ह्या अटीवर तह झाला, आणि ते आवाजाच्याही फायद्याचं निघालं. सबवूफरच्या मागे ० आणि १८० असा एक फेजचा बटण असतो, म्हणजे त्याची लाट सुलटी सोडायची की उलटी ते ठरवणारा, तो कोणी हात लावत नाही, दोन्हीकडे करून बघा, सोफ्यावर बसल्यावर जिकडे बास भरीव वाटतो तिकडे ठेवा. क्रॉसओव्हर, म्हणजे कितीच्या खालचा आवाज सबवूफरकडे पाठवायचा तो आकडा, चांगल्या मोठ्या स्पीकरला ८० हर्ट्झ ठेवतात, त्याच्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही म्हणून डबा कुठेही लपवता येतो, पण आमच्यासारखे वीतभर स्पीकर असतील तर १२० च्या आसपासच ठेवावा लागतो.

बास जागेवर आला तरी सासूबाईंचे शब्द अजून यायचेच होते, आणि मूळ दुखणं ते.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि पॉइंट एक तो सबवूफरचा चॅनल (चॅनल म्हणजे टीव्हीवरचा नाही, आवाजाची वेगळी वाट), फक्त १२० हर्ट्झपर्यंतचा म्हणून त्याला पूर्ण एक मोजत नाहीत. त्या पाचातला मधला, सेंटर, त्याच्यात माणसांचं बोलणं असतं, जवळजवळ सगळं. तर सगळ्यात जास्त लाड त्याचे करायला पाहिजेत. आमचा सेंटर शोकेसच्या फळीवर वर, कपाळाच्याही वर, बाहुल्यांच्या मागे. तो टीव्हीच्या बरोबर खाली आणला, फळीच्या अगदी कडेला, आत ढकललेला नाही (आत ढकलला की फळी आणि पाठ मिळून तोही घुमतो), आणि खाली पुढच्या बाजूला दोन रबरी डोअर स्टॉपर लावून तोंड थोडं वर, झोक्यावर बसलेल्या माणसाच्या कानाकडे. मेनूमध्ये जाऊन सेंटरची लेव्हल ३ डेसिबल वाढवली, आणि नाइट मोड नावाचा एक ऑप्शन असतो तो चालू केला, त्यानं धमाका खाली येतो आणि कुजबुज वर येते. वयाबरोबर कानाचे आधी बारीक, उंच आवाज जातात, स, श, थ, फ ही अक्षरं तिथेच असतात, आणि त्याच्यावर बासची झूल टाकली की उरलंसुरलंही झाकलं जातं. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर वॅटच्या आधी एकदा कान तपासून घ्या, आम्ही नंतर घेतले, उलट्या क्रमानं.

दुसऱ्या दिवशी मालिका लागली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि कान तिकडेच. बराच वेळ काही नाही. मग सासूबाई म्हणाल्या, “आते समजस. पन तो मानूस चांगला नही.”

बाकीचे चार स्पीकरही ओळीतून सोडवले. डावा-उजवा असे ठेवायचे की ते दोन आणि आपण मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आपण सात फुटांवर बसलो तर त्या दोघांत सात फूट. मागचे दोन खरं तर मागे नसतातच, कानाच्या बाजूला जरासे मागे, कानापेक्षा दीडदोन फूट वर. सोफा पुढे ओढला म्हणून ते शक्य झालं, भिंतीला टेकलेल्या सोफ्याला मागचे स्पीकर म्हणजे कानात घातलेले इअरफोन. एका बाजूला आमच्या स्वयंपाकघराचं दार येतं, तिथे चौकटीच्या वर लावला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत, मग मेनूमध्ये अंतर फुटात भरलं आणि टेस्ट टोन लावून लेव्हल सारखी केली. झोका हलत असताना सासूबाईंना काय ऐकू येतं ह्याचं गणित मात्र मी केलेलं नाही.

वायर कंपनीची पुरत नव्हती तर दीड स्क्वेअर एमएमची दोन पदरी वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर आणली, केसिंग पट्टीतून कडेकडेनं फिरवली. लाल लालला, काळी काळीला, एका स्पीकरला जरी उलटी लागली तरी बास गायब होतो आणि आवाज मधे न राहता डोक्याभोवती तरंगतो. आमच्या एकाला उलटीच होती, फिटिंगवाल्याची कृपा.

आणि ती लाल-पांढरी वायर. तिच्यातून फक्त दोन चॅनल जातात हो. म्हणजे चार महिने आम्ही पाच स्पीकरचे पैसे देऊन दोनाचाच आवाज पाचात वाटून ऐकत होतो. टीव्हीला मागे तीन एचडीएमआय असतात, त्यातल्या एकावरच एआरसी लिहिलेलं असतं, २००९ पासून ही सोय आहे, त्या भोकातूनच टीव्हीचा आवाज उलटा साउंडकडे येतो, बाकीच्यातून येत नाही. जळगावला गेले होते तेव्हा गोलाणी मार्केटमधून एक साधी केबल आणली, सोन्याचा मुलामा वगैरे काही नाही, लावली एआरसीला, तरी दोनच चॅनल. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएम होता, म्हणजे टीव्ही स्वतःच आवाज उलगडून दोन चॅनलमध्ये देत होता, तो बिटस्ट्रीम केला, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा पुढे, आणि साउंडच्या डिस्प्लेवर पहिल्यांदा डॉल्बी अशी अक्षरं आली. पोरगा नाचला. अर्थात रोजच्या मालिका, बातम्या बहुतेक दोन चॅनलच्याच असतात, त्याला मशीन काय करणार, सिनेमा चांगल्या ॲपवर लावला तरच मागचे स्पीकर खरं बोलतात.

अजून एक भानगड होती, एकसारखी घूंऽऽ. कोणी म्हणे स्पीकर फाटला, कोणी म्हणे अर्थिंगची पिन काढून टाका लगेच बंद होईल. अर्थिंगची पिन कोणी काढू नका, कोणी सांगितलं तरी, ती जीव वाचवायला असते. घूं ५० हर्ट्झची, म्हणजे विजेचीच. केबलवाल्याची जाड वायर सेटटॉप बॉक्समधून काढली की बंद, लावली की चालू. त्या वायरीचं अर्थ एकीकडे, आमच्या घराचं दुसरीकडे, दोन्हींच्या मधे साउंड सिस्टीम. केबलवाल्याला बोलावून त्याच्या खांबावरचं नीट करून घेतलं. नसतं झालं तर ऑप्टिकल केबल लावायची होती, तिच्यातून उजेड जातो, वीज जातच नाही, मग घूं कुठून येणार.

आता ते १००० वॅट. जाहिरातीत छापतात तो पुष्कळदा पीएमपीओ असतो, क्षणभरासाठी, कशाही परिस्थितीत मोजलेला, त्याला काही एक ठरलेली रीत नाही. बघायचा तो आरएमएस, सतत किती देतो तो. आणि वॅट दुप्पट झाले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मध्यम स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतो असं धरा, दोन मीटरवर बसलो तर ८१. एका वॅटमध्ये! माझा वर्ग ऑफ तासाला जेवढा ओरडतो तेवढं. दहा वॅटमध्ये ९१, हॉलमध्ये बसवणार नाही. मग उरलेले ९९० वॅट कोणासाठी घेतले, तर शेजारच्या काकूंसाठी.

काकूंचा विषय निघालाच आहे तर. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, आणि आपल्या घरातल्या साउंडचा आवाज आपल्या हद्दीवर ह्यापेक्षा ५ डेसिबलच्या वर जायला नको. लोकांना वाटतं हे नियम फक्त डीजे आणि मंडळांना. पण गंमत अशी की मोजायचं मशीन कानासारखं मोजतं, ५० हर्ट्झचा बास ते ३० डेसिबल कमी धरतं. म्हणजे मीटरवर सगळं नियमात आणि पलीकडे काकूंचा पलंग थरथरतोय. भिंत जितकी जड तितका आवाज अडतो, पण आवाज जितका खर्जातला तितका आरपार जातो, नऊ इंची विटेच्या भिंतीतून आमचे संवाद जात नाहीत, ढोल जातो. सबवूफर दुसऱ्या भिंतीला गेल्यावर आणि खाली गादी टाकल्यावर फरशीतून जाणारा हादरा कमी झाला, हवेतून जाणारा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, म्हणून रात्री नऊनंतर सबवूफरचा स्विचच बंद. काकूंना विचारून ठरवलेली वेळ आहे ही.

कूलरचं मात्र उत्तर नाही. एप्रिल-मे-जून कूलर फुल चालतो, मोबाईलच्या ॲपवर (ते काही अचूक नसतं) झोक्यापाशी साठच्या वर दाखवतो, आणि त्याच्यावर बोलणं ऐकू यायचं म्हणजे आपोआप सत्तरीत जावं लागतं. तेव्हा कूलर मालिकेच्या अर्धा तास आधी फुल लावून खोली गार करायची आणि मालिकेला स्लो. ४४ डिग्रीला हे म्हणायला सोपं.

एक गोष्ट मात्र फार आवडली ती सांगते. आमच्या ह्यांचं गावाकडचं घर धाब्याचं, जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि माती, खाली सारवलेलं. तिथे कोणी बोललं की शब्द जागच्या जागी थांबतो, घुमत नाही. लहानपणी तिथे सासऱ्यांच्या रेडिओवरच्या बातम्या ओसरीपर्यंत स्वच्छ ऐकू यायच्या असं हे सांगतात आणि मी कधी विश्वास ठेवला नव्हता. आता स्लॅब, टाइल्स, काच, पुट्टी, सगळं गुळगुळीत, टाळी वाजवली तर टण् करते. मग फोम विकणारे येतात, अंड्याचे ट्रे चिकटवणारे येतात (ट्रे काही कामाचे नाहीत, आणि पेटतात पटकन). आपण कापूस पिकवणारी माणसं, फोम कशाला. पिंजाऱ्याकडून दोन बाय चार फुटांच्या, तीन इंच जाड चार गाद्या भरून घेतल्या, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवल्या, वरून खणाचं कापड. कुठे टांगायच्या? एकानं सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो तिथे गादी. बोर्ड आणि प्लगपासून लांब ठेवा, कापूस आहे. बोलण्यातला कर्कशपणा गेला, टण् गेलं. बासला ह्याचा उपयोग नाही, ४७ हर्ट्झ गादीनं अडवायचा म्हटलं तर गादी सहा फूट जाड पाहिजे, म्हणजे अर्ध्या हॉलभर गादीच.

सगळं बसल्यावर मला प्रामाणिकपणे वाटतं की दहा बाय बाराच्या हॉलला पाच स्पीकर लागतच नव्हते. सेंटर असलेला एक बरा साउंडबार आणि छोटा सबवूफर, नाहीतर दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि अँप्लिफायर, तेवढ्यात काम झालं असतं. हे म्हणतात पोराला सिनेमात मागून हेलिकॉप्टर येतं ते आवडतं. येतं खरं.

तर साहेब, विनंती एवढीच. जाहिरात देणाऱ्यांना तुम्ही सांगू शकत असाल तर सांगा की वॅटच्या बाजूला आरएमएस लिहा आणि हा सेट किती बाय किती खोलीसाठी ते लिहा, कूलरवर लिहितात ना किती फुटांची खोली गार होते, मग साउंडवर का नको. दुकानदारांनी मोठ्या हॉलच्या बाजूला एक दहा बाय बाराची टाइल्सवाली खोली डेमोला ठेवावी, गालिचा न टाकता, आणि त्यात धमाका नाही तर बातम्या लावून दाखवाव्यात. फिटिंगच्या पोरांना टेप आणि पंचवीस मीटर वायर देऊन पाठवावं. आणि जमलं तर दिवाळीच्या आधी तुमच्या पुरवणीत ह्या विषयावर अर्धं पान द्या, मी फुकट लिहून देते, बासचं चित्रही काढून देते.

कळावे,
आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव

ता. क. – रद्दीची जागा सबवूफरनं घेतल्यामुळे तुमचे जुने अंक आता सोफ्यामागे गाद्यांवर रचलेत. सासूबाईंनी सबवूफरवर क्रोशाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवली होती, पहिल्याच सिनेमात ती चालत चालत कडेपर्यंत आली. फुलदाणी काढली, रुमाल आहे.